लष्कराच्या भाकऱ्यांचा हिशेब

घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्यांची वानवा महाराष्ट्राला कधीच भासली नाही. गणेशोत्सवाचा मांडव असो, आषाढीच्या वाटेवरचे पाणी असो, पुराने वेढलेले गाव असो की रक्तदानाचे शिबिर असो, हाक घातली की माणसे येतात. वानवा आहे ती या आलेल्या माणसांना कोणते काम, कोठे, केव्हा आणि किती वेळ करावयाचे हे सांगणाऱ्या माणसाची. हा माणूस समाजाला फुकट हवा असतो आणि म्हणूनच तो सहसा मिळत नाही. स्वयंसेवकांचे नियोजन व समन्वय हा शिकून घ्यावयाचा, पूर्णवेळ करावयाचा आणि रीतसर वेतन घेऊन करावयाचा व्यवसाय आहे, हे मान्य करण्यास आपल्याकडील संस्था, शासन व देणगीदार अद्याप मनापासून तयार नाहीत. या अनिच्छेची किंमत समाज दरवर्षी मोजतो. ती कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही, एवढेच.

कलकत्ता ते हरिद्वार

हा प्रश्न नवा नाही. १९०१ साली कलकत्त्यास भरलेल्या काँग्रेस अधिवेशनातील स्वयंसेवकांविषयी गांधीजींनी आपल्या आत्मकथेत जे लिहून ठेवले आहे, ते आजच्या कोणत्याही संमेलनाच्या स्वागत समितीने वाचावे असे आहे. एकाला काम सांगावे तर तो दुसऱ्याला सांगे, दुसरा तिसऱ्याला, आणि काम जागच्या जागी राही. स्वच्छतेची तर दैनाच होती. परंतु गांधीजींनी केवळ उत्साहाला नावे ठेवून विषय संपविला नाही. वर्षातून तीन दिवस जमायचे आणि मग झोपी जायचे, अशा व्यवस्थेत स्वयंसेवकाला शिक्षण मिळणार तरी कोठून, हा त्यांचा सवाल होता. दोष केवळ माणसांच्या वृत्तीचा नव्हता. वर्षातील उरलेले दिवस या माणसांकडे पाहणारे कोणी नव्हते, हा खरा दोष होता.

यानंतर चारच वर्षांनी, १२ जून १९०५ रोजी, गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली. सार्वजनिक काम हे वकिली किंवा नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात करण्याचे काम नव्हे, ही त्यामागील धारणा होती. समाजाच्या सदस्याला पाच वर्षांची उमेदवारी होती, शपथा होत्या आणि त्याच्या व कुटुंबाच्या निर्वाहापुरती तरतूदही होती. सेवेच्या आड पैसा येऊ नये यासाठी गोखल्यांनी पैसा नाकारला नाही, त्याची मर्यादित पण निश्चित सोय लावली. त्याच समाजाचे सदस्य ना. म. जोशी यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग उभी केली. १९१५ च्या हरिद्वार कुंभमेळ्यात याच समाजाने हृदयनाथ कुंझरू यांच्या नेतृत्वाखाली स्वयंसेवकांचे मोठे पथक पाठविले होते, आणि गांधीजींची फिनिक्सची मंडळी त्या पथकाच्या मदतीस गेली होती. त्या पथकातही बहुतेक माणसे हौशीच असणार. पण पथकाच्या मागे बारा महिने तेरा काळ तेच काम करणारी संस्था उभी होती. कलकत्ता आणि हरिद्वार यांतील हा फरक शंभराहून अधिक वर्षांनंतरही विसरला जातो.

किंमत नसलेली वस्तू

ज्या वस्तूला बाजारात किंमत असते तिची नासाडी झाली की कोणाच्या तरी खिशाला चाट बसते, आणि तो जाब विचारतो. रोजंदारीवर आणलेले मजूर दुपारपर्यंत बसून राहिले तर मालक मुकादमाला धारेवर धरतो. स्वयंसेवक दोन तास ताटकळून घरी परतला तर कोणी कोणाला विचारत नाही. त्याचा वेळ संस्थेला फुकट मिळालेला असतो. तथापि, तो देणाऱ्याला फुकट पडलेला नसतो. कारकुनाने दिलेला रविवार हा त्याच्या कुटुंबाच्या वाट्याचा असतो, आणि विद्यार्थ्याने दिलेली संध्याकाळ अभ्यासाच्या किंवा शिकवणीच्या कमाईच्या वाट्याची. अर्थशास्त्रात यालाच संधी-खर्च म्हणतात. श्रम-संख्याशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २०१३ साली स्वयंसेवा हा कामाचाच एक स्वतंत्र प्रकार म्हणून मान्य केला, त्यामागील तर्क हाच आहे.

शिवाय स्वयंसेवकाला पगार नसला तरी मोबदला हवा असतो. आपला वेळ कोणाच्या तरी उपयोगी पडला हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे, हा तो मोबदला. काम तयार नसेल, साहित्य आलेले नसेल, सांगणारा दुसऱ्याच सभेत अडकला असेल, तर हा मोबदला बुडतो. तो दोनदा बुडला की माणूस तिसऱ्यांदा येत नाही. मग "हल्लीच्या पिढीत सेवावृत्ती उरली नाही" अशी हळहळ व्यक्त केली जाते. वास्तविक वृत्ती संपलेली नसते, तिची मजुरी थकलेली असते.

बारा हजार तास आणि एक प्राध्यापक

राष्ट्रीय सेवा योजनेचे उदाहरण शिक्षकांना व विद्यार्थ्यांना सर्वांत जवळचे आहे. ही योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांतून सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. तिचा प्रारंभ करणारे तत्कालीन केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव हे स्वतः अर्थशास्त्रज्ञ होते, आणि भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा शास्त्रशुद्ध अंदाज बांधणाऱ्या आद्य अभ्यासकांपैकी एक होते. योजनेच्या नियमाप्रमाणे विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास, याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास सेवा करावयाची असते. एका एककात साधारणतः शंभर विद्यार्थी असतात आणि त्यांच्यावर एक कार्यक्रम अधिकारी असतो.

आता हिशेब मांडावा. शंभर विद्यार्थ्यांचे प्रत्येकी १२० तास म्हणजे १२ हजार तास. आठ तासांचा दिवस धरला तर हे १,५०० दिवस होतात. वर्षाकाठी ३०० दिवस राबणाऱ्या पाच पूर्णवेळ माणसांएवढे हे श्रमबळ आहे. पाच माणसे कामावर ठेवणारा कोणताही लहानसा कारखानदार त्यांच्यावर देखरेखीची काही ना काही व्यवस्था करतोच. येथे मात्र ही देखरेख एका प्राध्यापकाने आपले तास, परीक्षा, उत्तरपत्रिका आणि प्रवेश समित्या सांभाळून मधल्या सुटीत करावी अशी अपेक्षा असते. त्याला काही दिवसांचे उद्बोधन मिळते, किरकोळ भत्ता मिळतो आणि तीन-चार वर्षांनी, म्हणजे त्याला कामाची नस सापडू लागली की, पद दुसऱ्याकडे जाते. गावकऱ्यांशी जुळलेले संबंध, कोणत्या वस्तीत काय चालते याची जाण, मागच्या शिबिरात काय फसले याची आठवण, हे सारे त्याच्याबरोबर निघून जाते. मग दत्तक घेतलेल्या गावात दरवर्षी त्याच भिंती रंगविल्या जातात, तोच रस्ता झाडला जातो आणि त्याच झाडाच्या खड्ड्यात नवे रोप लागते. अपवाद अर्थातच आहेत, आणि अनेक कार्यक्रम अधिकाऱ्यांनी पदरमोड करून कामे उभी केली आहेत. पण व्यवस्था अपवादांच्या जिवावर चालत नसते.

रक्तपेढीचे कॅलेंडर

नियोजनाअभावी चांगुलपणा अक्षरशः वाया कसा जातो, हे रक्तदानाइतके स्पष्टपणे दुसरीकडे कोठे दिसत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निर्णयानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्याची पद्धत देशात बंद झाली. स्वेच्छेने दिलेले रक्त हाच तेव्हापासून खरा आधार आहे. हे रक्त नाशवंत असते. संपूर्ण रक्त सर्वसाधारणपणे ३५ दिवस टिकते, विशिष्ट द्रावणात ठेवलेल्या तांबड्या पेशी ४२ दिवस, आणि प्लेटलेट अवघे ५ दिवस. दात्यालाही मर्यादा आहे. पुरुषाने पुन्हा रक्त देण्यापूर्वी तीन महिने, स्त्रीने चार महिने जावे लागतात.

समजा, एका शहराला रोज ३० पिशव्या रक्त लागते, आणि एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवसानिमित्त एकाच दिवशी १,५०० जणांनी रक्तदान केले. वृत्तपत्रांत छायाचित्रे येतात, विक्रमाची घोषणा होते. रक्तगटांची गुंतागुंत बाजूला ठेवली तरी ३५ दिवसांत त्या शहरात १,०५० पिशव्याच खर्ची पडतील. उरलेल्या ४५० बाहेर पाठविण्याची सोय नसेल तर त्या नष्ट कराव्या लागतील. पुढचा प्रकार याहून वाईट आहे. छत्तिसाव्या दिवशी पेढी रिकामी असते, आणि रक्त देण्यास राजी असलेली हीच दीड हजार माणसे नियमानुसार आणखी सुमारे दोन महिने रक्त देऊ शकत नाहीत. अपघातात सापडलेल्या किंवा बाळंतपणात अतिरक्तस्राव झालेल्या बाईचे नातेवाईक नेमके त्याच दिवसांत पेढीच्या दाराशी उभे असतात. हेच दाते आठवड्याला २१० याप्रमाणे विभागले असते तर एकही पिशवी न दवडता सात आठवडे निभावले असते. माणसे तीच, भावना तीच, रक्तही तेच. फरक एका वहीचा आणि ती वही सांभाळणाऱ्या माणसाचा.

हा माणूस काय करतो? तो मंडळांच्या उत्साही कार्यकर्त्यांना वाढदिवसाची तारीख सोडून पुढच्या महिन्याची तारीख गळी उतरवितो. मे महिन्यात महाविद्यालये बंद असतात म्हणून तो फेब्रुवारीतच कारखाने व कार्यालये गाठून ठेवतो. दुर्मिळ रक्तगटाच्या दात्यांची यादी जपतो आणि त्यांना गरज पडेपर्यंत शिबिरात येऊ नका असे सांगण्याचे धैर्य दाखवितो. दान करून गेलेल्याला तीन महिन्यांनी आठवणीने दूरध्वनी करतो. यांतील एकही काम छायाचित्रात येण्याजोगे नाही, आणि यांतील एकही काम सवड मिळेल तेव्हा करण्याजोगे नाही.

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ रिचर्ड टिटमस यांनी १९७० साली ब्रिटन व अमेरिका यांतील रक्तव्यवस्थांची तुलना करून, विकत घेतलेल्या रक्तापेक्षा दान मिळालेले रक्त अधिक सुरक्षित असते व त्याची नासाडीही कमी होते, असे प्रतिपादन केले. त्यांचे हे मत स्वयंसेवेचे समर्थक आवडीने सांगतात. पण त्याची दुसरी बाजू सांगितली जात नाही. टिटमस यांनी वाखाणलेल्या ब्रिटिश व्यवस्थेत रक्त फुकट मिळत होते, ते गोळा करण्याची यंत्रणा फुकट नव्हती. १९४६ पासून तेथे राष्ट्रीय रक्त संक्रमण सेवा होती, आणि तिचे काम पगारी, प्रशिक्षित माणसे पाहत होती. दान समाजाचे आणि व्यवस्था व्यावसायिकांची, अशी ती विभागणी होती.

आपत्ती आणि ओळखीची माणसे

आपत्तीच्या वेळी हीच उणीव जिवावर बेतते. पूर किंवा भूकंप झाला की पहिल्या आठवड्यात मदतीचा दुसरा पूर येतो. त्यात हौसे, नवसे, गवसे सगळेच असतात. हमरस्त्यावरील गावाला तीनदा शिधा पोचतो, आणि ओढ्यापलीकडची वाडी उपाशी राहते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर शासनाने पुनर्वसनाचा जो मोठा कार्यक्रम हाती घेतला, त्यात याला उतारा शोधण्याचा एक लक्षणीय प्रयत्न झाला. घरांच्या दुरुस्ती-बांधणीच्या कामात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या साह्याने हजाराहून अधिक गावांत स्थानिक महिलांना संवाद सहायक म्हणून नेमण्यात आले. कोणाला कोणते अनुदान मिळते, ते कोठे अडले आहे, अभियंत्याला काय विचारावयाचे, हे गावाला समजावून सांगणे हे त्यांचे काम होते. मदतीची इच्छा आणि मदतीची गरज यांच्यामध्ये एक ओळखीचा, जबाबदार माणूस उभा करणे, हे त्याचे मर्म होते.

केंद्र शासनाने २०१६ साली आपदा मित्र योजना सुरू केली, तेव्हा २५ राज्यांतील पूरप्रवण अशा ३० जिल्ह्यांत सहा हजार स्वयंसेवक प्रशिक्षित करण्याचे उद्दिष्ट होते. पुढे ती ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवकांपर्यंत वाढविण्यात आली. पाऊल योग्यच होते. परंतु प्रशिक्षण घेतलेला तरुण नोकरीसाठी पुण्या-मुंबईस गेला, त्याचा दूरध्वनी क्रमांक बदलला, त्याला मिळालेला दोर व जाकीट माळ्यावर पडले, तर यादीतील त्याचे नाव पुराच्या रात्री कोणाच्या उपयोगी पडणार? यादी करणे ही घटना आहे, यादी जिवंत ठेवणे ही नोकरी आहे.

स्वयंसेवा की स्वस्त मजुरी?

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. स्वयंसेवेचा गौरव करता करता मजुरीची बचत करण्याचा मोह शासनालाही आवरत नाही. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा कार्यकर्त्या उभ्या राहिल्या. साधारणतः हजार लोकसंख्येमागे एक याप्रमाणे देशात त्यांची संख्या आज दहा लाखांच्या आसपास आहे. लसीकरण, बाळंतपण, क्षयरोग, साथीचे सर्वेक्षण अशी त्यांच्या कामांची यादी वाढतच गेली. तरी त्यांचे नामाभिधान मात्र स्वयंसेविका हेच राहिले. महाराष्ट्रात त्यांच्या कामावर देखरेख ठेवणाऱ्या गटप्रवर्तक महिलांची स्थितीही वेगळी नव्हती, आणि २०२१ व २०२३ साली दोघींनाही संपाचा मार्ग धरावा लागला. ज्या कामाची रोज अपेक्षा आहे, ज्याचा अहवाल सक्तीचा आहे आणि जे चुकल्यास कारवाई आहे, ते काम म्हणजे नोकरी होय. त्याला सेवा म्हणण्याने सेवेचीच अप्रतिष्ठा होते.

स्वयंसेवक-व्यवस्थापनाचे खरे शास्त्र या सीमारेषेपाशी सुरू होते. कोणते काम स्वयंसेवकाला द्यावे यापेक्षा कोणते देऊ नये, हे ठरविणे कठीण असते. मुलांच्या वसतिगृहात कोणालाही चौकशीशिवाय प्रवेश देता येत नाही. मरणासन्न रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्याला आधी शिकवावे लागते. अपात्र पण उत्साही माणसाला न दुखविता नकार द्यावा लागतो. उत्साहाच्या भरात रोज येणाऱ्याला आठवड्यातून एकच दिवस येण्यास सांगावे लागते, नाही तर तो दोन महिन्यांत थकून निघून जातो. मानसशास्त्र, हिशेब, कायदा आणि लोकव्यवहार यांची एकत्र गरज असणारे हे काम आहे. ते कोणत्याही सद्‌भावी गृहस्थाला आपोआप जमेल, हा समज भाबडेपणाचा आहे.

चोपदाराचा चोप

यावर एक आक्षेप हमखास येतो. सेवेत पगारदार माणूस आला की सेवेचा आत्मा जातो, विनामूल्य राबणाऱ्याच्या डोक्यावर वेतन घेणारा बसला की मने दुरावतात. आक्षेप निराधार नाही. पगारदाराने साहेबी दाखविली तर असे होतेच. पण त्यावरील उपाय चांगला माणूस निवडणे व शिकविणे हा आहे, माणूसच न नेमणे हा नव्हे. ज्या वारीच्या उत्स्फूर्ततेचे कौतुक केले जाते, तिची शिस्त तरी आपोआप आलेली आहे काय? दिंड्यांचा क्रम ठरलेला असतो. माउलींच्या पालखी सोहळ्यात सायंकाळी समाज आरतीच्या वेळी चोपदाराने चोप उंचावला की लाखांचा समुदाय स्तब्ध होतो, आणि हरवल्या-सापडल्याच्या सूचना त्या शांततेत ऐकू येतात. चोपदाराच्या असण्याने कोणाची भक्ती उणावत नाही. त्याच्यामुळे ती वाट चुकत नाही.

दुसरी अडचण पैशाची आहे. देणगीदाराला वर्गखोली, रुग्णवाहिका किंवा पाण्याची टाकी दिसते, समन्वयकाचा पगार हा त्याला "प्रशासकीय खर्च" वाटतो. परदेशी देणग्यांतून करावयाच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा २०२० च्या कायदादुरुस्तीने ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली गेली. उधळपट्टीला आळा घालण्याचा हेतू समजण्यासारखा आहे. परंतु खर्च कमी दाखविण्याच्या चढाओढीत पहिली कुऱ्हाड अशाच पदांवर पडण्याचा धोका असतो. एका समन्वयकाच्या वेतनाने शंभर माणसांचे हजारो तास सार्थकी लागत असतील, तर तो खर्च नव्हे, ती गुंतवणूक आहे, हे देणगीदारांना पटवून देण्याची वेळ आली आहे.

करता येण्याजोग्या गोष्टी फार अवघड नाहीत. महाविद्यालयांनी कार्यक्रम अधिकाऱ्याच्या अध्यापनाच्या तासांत खरीखुरी सूट द्यावी आणि अनेक एकके असलेल्या विद्यापीठांनी जिल्हावार पूर्णवेळ समन्वयक नेमावेत. प्रत्येक मोठ्या रक्तपेढीत दात्यांच्या नियोजनासाठी स्वतंत्र माणूस असावा आणि शिबिरांचे वार्षिक वेळापत्रक जिल्ह्याने एकत्र बसून आखावे. आपत्ती व्यवस्थापनाच्या याद्या वर्षातून दोनदा पडताळणे ही कोणाची तरी नेमून दिलेली जबाबदारी असावी. समाजकार्याचे शिक्षण देणारी पहिली संस्था मुंबईत १९३६ साली, सर दोराबजी टाटा यांच्या नावाने, सुरू झाली. तिच्यानंतर राज्यात अशी अनेक महाविद्यालये निघाली. त्यांच्या अभ्यासक्रमात या विषयाला एखाद्या प्रकरणाऐवजी स्वतंत्र स्थान मिळावे.

नोकरीच्या शोधात असलेल्या पदवीधरांनीही या वाटेकडे पाहावे. हे काम मानमरातबाचे नाही. त्यात हजेरीपट आहे, दूरध्वनी आहेत, खोलीची किल्ली वेळेवर मिळविण्याची यातायात आहे. चांगल्या कारकुनाची टापटीप, चांगल्या शिक्षकाचा धीर आणि माणसे ओळखण्याची नजर एवढे भांडवल त्याला लागते. हे भांडवल महाराष्ट्रातील मध्यमवर्गाजवळ आहे. परंतु ते वापरावयाचे तर नेमणुकीचे पत्र, पोट भरेल एवढा पगार आणि चार वर्षांनंतर पुढची पायरी दिसेल अशी व्यवस्था समाजाने उभी केली पाहिजे. ती होईपर्यंत हाकेला ओ देणारी माणसे येतच राहतील, आणि त्यांतील कितीतरी, करण्यासारखे पुष्कळ असूनही, काहीच न करता घरी परततील.